महाराणी ताराबाई : सून, माता आणि आजी

ईडन प्रेरीत नोव्हेंबर संपत आला की संध्याकाळी पाचच्या आत अंधार पडतो. तळ्यांवर बर्फाची साय धरू लागते, अंगणातल्या खुर्च्या गॅरेजमध्ये जातात आणि आम्हा मंडळींच्या गप्पा बेसमेंटमधल्या टीव्हीसमोर रंगू लागतात. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे २०१७ सालची ‘द व्हाइट प्रिन्सेस’ ही आठ भागांची मालिका पाहिली गेली. पंधराव्या शतकातील इंग्लंडची ही कहाणी. यॉर्क आणि लँकेस्टर ही एकाच राजवंशाची दोन घराणी तीस वर्षे एकमेकांच्या जिवावर उठलेली. १४८५ साली हेन्री ट्यूडर लढाई जिंकून राजा होतो आणि वैर मिटावे म्हणून पुढच्याच वर्षी यॉर्क घराण्याच्या एलिझाबेथशी लग्न करतो. लग्न होते, मुले होतात, पण संशय काही संपत नाही. एलिझाबेथचे दोन लहान भाऊ पूर्वीच लंडनच्या टॉवरमध्ये कोंडले गेले होते आणि पुढे ते कोणाला दिसलेच नाहीत. काही वर्षांनी पर्किन वॉरबेक नावाचा तरुण उगवतो आणि त्यांतला धाकटा तो मीच, असे सांगू लागतो. एलिझाबेथची आत्या, बर्गंडीची मार्गारेट, त्याला आपला भाचा म्हणून जवळ करते. राजा त्याला तोतया ठरवतो आणि १४९९ मध्ये फासावर चढवतो.

मालिका संपली तेव्हा घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीने आम्हाला विचारले की, आपल्याकडे असे काही घडले होते का? राजकारणासाठी केलेली लग्ने, मुलाच्या गादीसाठी झुंजणाऱ्या आया, खरे वारस आणि खोटे वारस? आम्ही म्हटले, घडले होते, आणि ते सारे एकाच बाईच्या आयुष्यात घडले होते. तिचे नाव महाराणी ताराबाई. शिवाजी महाराजांची ती धाकटी सून. २०२१ साली सोनी मराठी वाहिनीवर तिच्यावर मालिकाही आली होती. औरंगजेबाशी तिने सात वर्षे दिलेली झुंज आपण सारे शाळेत शिकलो. परंतु ताराबाई त्यानंतर आणखी चोपन्न वर्षे जगल्या, आणि त्या चोपन्न वर्षांबद्दल आपण मुलांना फारसे सांगत नाही. वाचकहो, आज ती सारीच कहाणी सांगण्याचा विचार आहे.

सासर-माहेर एकाच वाड्यात

ताराबाईंचा जन्म १६७५ सालचा, म्हणजे महाराजांच्या राज्याभिषेकानंतरच्या वर्षातला. वडील सरसेनापती हंबीरराव मोहिते, कऱ्हाडजवळच्या तळबीडचे. हंबीररावांची बहीण सोयराबाई ही महाराजांची पट्टराणी आणि राजारामांची आई. म्हणजे ताराबाई आपल्या सख्ख्या आतेभावाला दिल्या गेल्या. मराठा कुळांत मामाची मुलगी करण्याची रीत जुनीच आहे. पण राजघराण्यात अशा सोयरिकीला दुसराही अर्थ असे. शिवाजी महाराजांच्या आठ राण्या निंबाळकर, मोहिते, शिर्के, जाधव, गायकवाड, इंगळे अशा नामांकित घराण्यांतल्या होत्या. या लग्नांनी महाराजांच्या पाठीशी तलवारी उभ्या राहिल्या. संभाजीराजांना शिर्क्यांची येसूबाई केली आणि महाराजांची कन्या शिर्क्यांच्या गणोजीला दिली. अशा देण्याघेण्याने नाते दुहेरी बळकट होते, आणि बिघडले तर दुहेरी बिघडते, हे पुढे गणोजी शिर्के मोगलांना मिळाले तेव्हा सर्वांनी पाहिले.

ताराबाईंच्या माहेरी तर याहून मोठा पेच पडून गेला होता. एप्रिल १६८० मध्ये महाराज गेले. सोयराबाईंनी आणि काही मंत्र्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवले. हंबीरराव सैन्याचे मालक आणि राजारामांचे सख्खे मामा. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी बहिणीचा बेत सिद्धीला गेला असता. पण हंबीररावांनी वडील मुलाचा हक्क मानला आणि ते संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले. पुढच्याच वर्षी सोयराबाईंचा अंत झाला. ताराबाई तेव्हा पाच-सहा वर्षांच्या होत्या. आत्याची महत्त्वाकांक्षा आणि वडिलांची निष्ठा, अशा दोन गोष्टी एकाच घरातल्या. पुढे ताराबाईंनी जो मार्ग धरला तो वडिलांचा की आत्याचा, हे वाचकांनी शेवटी आपणच ठरवावे.

संभाजीराजांच्या कारकिर्दीतच, १६८३-८४ च्या सुमारास, ताराबाईंचे राजारामांशी लग्न झाले. राजारामांची पहिली राणी प्रतापराव गुजरांची कन्या जानकीबाई. पुढे कागलकर घाटग्यांची राजसबाई आली. ही राजसबाई लक्षात ठेवावी, तिचे काम पुढे आहे. १६८७ च्या अखेरीस वाईजवळच्या लढाईत हंबीरराव पडले आणि ताराबाईंचे माहेरचे छत्र गेले.

राज्य गेले, राणी उरली

फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला संभाजीराजे पकडले गेले आणि मार्चमध्ये त्यांना हालहाल करून मारण्यात आले. रायगडावर येसूबाई आणि सात वर्षांचा शाहू. येसूबाईंनी आपल्या मुलाच्या नावाचा आग्रह धरला नाही. राजारामांना मंचकारोहण करवून त्यांना गडाबाहेर काढले आणि स्वतः गड लढवत मागे राहिल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि येसूबाई व शाहू मोगलांच्या छावणीत कैदी झाले. राजाराम वेष पालटून, केळदीच्या राणी चेन्नम्माच्या मदतीने दूर तामिळ मुलखातल्या जिंजीला पोहोचले. ताराबाई मागे राहिल्या. विशाळगड-पन्हाळ्याच्या परिसरात रामचंद्रपंत अमात्य राज्याचा गाडा ओढत होते. तो कारभार ताराबाईंनी जवळून पाहिला. पैसा कुठून येतो, गडावर दाणागोटा किती दिवस पुरतो, कोणता सरदार कशाने राजी होतो आणि कशाने फिरतो, हे शिक्षण त्यांना तिथे मिळाले. मोगलांचा बखरकार खाफीखान शत्रूपक्षाचा. पण नवरा हयात असतानाच या बाईला मुलकी आणि लष्करी कारभाराची उत्तम जाण आली होती, हे त्यानेही लिहून ठेवले आहे.

काही वर्षांनी त्या जिंजीला गेल्या. तिथे १६९६ च्या जूनमध्ये त्यांना मुलगा झाला. नाव ठेवले आजोबांचे, शिवाजी. १६९८ च्या आरंभी जिंजी पडली. राजाराम निसटून महाराष्ट्रात परतले आणि मागाहून राण्या-मुलेही आली. पण अखंड दगदगीने राजारामांची प्रकृती ढासळली होती. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वयाच्या तिसाव्या वर्षी ते वारले. पुढच्याच महिन्यात सातारा मोगलांच्या हाती गेला. औरंगजेबाला वाटले की आता उरले काय? एक विधवा आणि चार वर्षांचे पोर.

पंचवीस वर्षांच्या ताराबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवले आणि कारभार हाती घेतला. सगळ्यांना हे रुचले नव्हते. शाहू कैदेत असला तरी थोरल्या घराचा वारस तोच, असे मानणारे सरदार-मुत्सद्दी होते. ताराबाईंनी त्यांना दाबले, समजावले, काहींना सामील करून घेतले. परशुरामपंत प्रतिनिधी, शंकराजी नारायण सचिव आणि धनाजी जाधव यांच्यासारखी माणसे त्यांच्यामागे उभी राहिली. पहिल्या काही महिन्यांत त्यांनी बादशहाशी बोलणेही लावून पाहिले. मुलाला मनसब आणि दख्खनची देशमुखी मिळावी, बदल्यात काही किल्ले देऊ, असा तो प्रस्ताव होता. औरंगजेबाने तो फेटाळला. पुढची सात वर्षे त्याला हे महागात पडले.

गड विकावेत, पावसाळा विकत घ्यावा

ताराबाईंच्या युद्धाची रीत समजून घेण्यासारखी आहे. औरंगजेब ऐंशी ओलांडलेला, पण स्वतः छावणी घेऊन एकेका गडाला वेढा घालत होता. १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड, १७०३ मध्ये सिंहगड, १७०४ मध्ये राजगड आणि तोरणा. कागदावर पाहिले तर सगळे विजय बादशहाचेच. पण मराठे गड भांडत ठेवत ते पावसाळा तोंडावर येईपर्यंत. मग सामानसुमानासह सुखरूप जाऊ देण्याच्या बोलीवर, आणि वर रोख रक्कम घेऊन, गड खाली करत. विशाळगडासाठी दोन लाख रुपये मोजून घेतल्याचे सांगतात. बादशाही फौजा चिखलातून, फुगलेल्या ओढ्यांतून माघारी जाताना माणसे, उंट, हत्ती वाहून जात. आणि बादशहाची पाठ वळून वर्ष-दोन वर्षे होतात न होतात तोच मराठे त्याच गडावर पुन्हा चढलेले असत.

तिकडे बादशहा सह्याद्रीत गुंतलेला आणि इकडे मराठ्यांच्या घोडदौडी नर्मदेपार. १७०३ मध्ये नेमाजी शिंदे माळव्यात घुसले. १७०६ मध्ये धनाजी जाधवांनी गुजरातेत रतनपूरला मोगलांचा मोठा पराभव केला. ज्याला राज्य बुडवायचे त्याच्याच राज्यात शिरून त्याच्याच खजिन्यावर फौज पोसावी, हा या लढाईचा हिशेब होता. या प्रत्येक मोहिमेवर ताराबाई स्वतः घोड्यावर होत्या असे नव्हे. पण कोणत्या सरदाराने कुठे जावे, कोणत्या गडाला रसद पोचवावी, हे ठरवणारे डोके त्यांचे होते. त्या स्वतः एका गडावरून दुसऱ्या गडावर फिरत राहिल्या. जाग्यावर सापडेल अशी राजधानीच त्यांनी शत्रूला दिली नाही. फेब्रुवारी १७०७ मध्ये अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) छावणीत औरंगजेब वारला. पंचवीस वर्षे दख्खनेत घालवून तो मराठ्यांचे राज्य बुडवू शकला नाही. त्यातल्या शेवटच्या सात वर्षांचे श्रेय सर्वांत आधी ताराबाईंना द्यावे लागते.

कहाणी इथे थांबवली तर फार छान होते. पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात.

खरा शाहू की तोतया?

औरंगजेबाच्या मुलांत गादीसाठी जुंपली आणि उत्तरेला निघालेल्या आझमशहाने मे १७०७ मध्ये शाहूंना सोडून दिले. मराठ्यांत भाऊबंदकी लागावी, एवढाच त्यामागचा हेतू. येसूबाईंना मात्र ओलीस म्हणून ठेवून घेतले. शाहू पंचवीस वर्षांचे होते. त्यांतली सतरांहून अधिक वर्षे शत्रूच्या छावणीत गेलेली. ते साताऱ्याच्या रोखाने निघाले आणि गावोगावचे सरदार त्यांना येऊन मिळू लागले.

ताराबाईंपुढे प्रश्न उभा राहिला. राज्य राखले त्यांनी. आता सात वर्षांच्या कष्टांचे फळ थोरल्या जावेच्या मुलाच्या ओंजळीत घालायचे? त्यांनी दोन गोष्टी पुढे केल्या. पहिली ही की, संभाजीराजांचे राज्य त्यांच्याबरोबर गेले. हे राज्य राजारामांनी आणि आपण नव्याने मिळवले, तेव्हा शाहूंचा त्यावर हक्क नाही. या म्हणण्यात काही तथ्य होते. दुसरी ही की, हा तरुण शाहू नव्हेच, मोगलांनी पाठवलेला तोतया आहे. त्यांनी सरदारांना एकत्र बसवून दूधभातावर हात ठेवायला लावले आणि आपल्या मुलाशी इमान राखण्याची शपथ घ्यायला लावली. ज्याच्या खऱ्याखोट्याचा निवाडा करायचा तो माणूस कसा आहे हे पाहायला खंडो बल्लाळ चिटणीस गेले. ते पाहून आले आणि हा खराच शाहू असे त्यांनी सांगितले. मग धनाजी जाधवांचे मन डळमळले. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमाकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. धनाजी लढलेच नाहीत, शाहूंना जाऊन मिळाले. दूधभात पोटात आणि तलवार म्यानात, अशी त्या शपथेची गत झाली.

जानेवारी १७०८ मध्ये शाहूंनी साताऱ्याला राज्याभिषेक करून घेतला. ताराबाई पन्हाळ्याला गेल्या. तिथेही शाहूंची फौज आली, तेव्हा त्या रांगण्याकडे आणि कोकणात हटल्या. पावसाळ्यानंतर परत येऊन त्यांनी पन्हाळा घेतला आणि १७१० पासून आपल्या मुलाची वेगळी गादी चालवली. कोल्हापूरच्या राज्याची स्थापना ती हीच. कान्होजी आंग्रे काही काळ त्यांच्या बाजूला होते. पुढे बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहूंकडे वळवले. शिवाजी महाराजांचे एक राज्य आता दोन झाले होते.

सवतीने उलटवलेला डाव

१७१४ मध्ये पन्हाळ्यावर एका रात्रीत सारे पालटले. राजसबाईने, सरदारांना फोडून, आपला सोळा वर्षांचा मुलगा संभाजी याला गादीवर बसवले. ताराबाई आणि त्यांचा मुलगा शिवाजी कैदेत गेले. ज्या मुलासाठी ताराबाईंनी शाहूंचा हक्क नाकारला, तो मुलगा तुरुंगातच वाढला, तिथेच त्याचा संसार झाला आणि १७२६ च्या सुमारास तिथेच त्याचा अंत झाला. ज्या गादीसाठी ताराबाईंनी घर फोडले, त्या गादीवर सवतीचा मुलगा बसला आणि त्याच घराच्या फुटीने त्यांच्या मुलाचा घास घेतला.

मध्यंतरी १७१९ मध्ये येसूबाई सुटून साताऱ्याला आल्या. एकोणतीस-तीस वर्षांची कैद भोगून परतलेली ती थोरली जाऊ. एकीने राज्य वाचावे म्हणून मुलाचा हक्क बाजूला ठेवला, दुसरीने मुलाच्या हक्कासाठी राज्याची वाटणी पत्करली. दोघींच्या वाट्याला दीर्घ कैदच आली. न्याय मागणाऱ्याने इतिहासाकडे फार अपेक्षेने पाहू नये, असे आम्हाला अशा वेळी वाटते.

१७३० मध्ये सातारा आणि कोल्हापूरच्या लढाईत कोल्हापूरची राजमंडळी शाहूंच्या हाती पडली. शाहूंनी सर्वांना मानाने परत पाठवण्याचे ठरवले. ताराबाईंनी मात्र कोल्हापूरला जाण्यापेक्षा साताऱ्याला राहणे पसंत केले. सवतीच्या मुलाच्या कैदेपेक्षा पुतण्याच्या गडावर दिवस काढणे त्यांना बरे वाटले असावे. पुढच्या वर्षी, एप्रिल १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन वारणा नदी दोन राज्यांची सीमा ठरली. ज्याला तोतया म्हटले त्या शाहूंनी या काकूंना साताऱ्याच्या किल्ल्यावर इतमामाने ठेवले. नजर होती, पण जाच नव्हता. ताराबाई पंचावन्न वर्षांच्या होत्या. आता त्यांचे राजकारण संपले असे कोणालाही वाटले असते.

लपवलेला नातू

शाहूंना मुलगा नव्हता. म्हातारपण आले, आजार वाढला, तसा वारसाचा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. कोल्हापूरचे संभाजी हे जवळचे वारस. पण त्यांना आणायला शाहूही राजी नव्हते आणि पेशवेही. तेव्हा ताराबाईंनी वीस-बावीस वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढली. आपल्या मुलाच्या मृत्यूच्या वेळी सून गरोदर होती, तिला मुलगा झाला, राजसबाईच्या भीतीने तो गुपचूप बाहेर काढला आणि दूर वाढवला, असे त्यांनी सांगितले. हा नातू म्हणजे रामराजा. त्याला त्याची बहीण दर्याबाई निंबाळकर हिने बार्शीकडच्या पानगावी सांभाळले होते.

डिसेंबर १७४९ मध्ये शाहू वारले. जानेवारी १७५० मध्ये रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसला. परंतु लोक कुजबुजत होते. चाळीस वर्षांपूर्वी खऱ्याला तोतया म्हणणारी बाई आज कोणालाही खरा म्हणू शकेल, हा संशय चुकीचा कसा म्हणावा? नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी खात्री मागितली. ताराबाईंनी जातभाईंच्या पंगतीत बसून रामराजाबरोबर जेवावे, आणि त्या अन्नाची शपथ घेऊन हा आपला नातू असल्याचे सांगावे. ताराबाईंनी तसे केले. एका ताटाचा तो साक्षीपुरावा सर्वांनी मानला.

आपल्या समाजात लग्नकार्यात पंगतीला कोण कोणाशेजारी बसतो याला एके काळी किती वजन होते, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. परक्या कुळाच्या पोराबरोबर राणी जेवणार नाही, हा त्या काळचा भरवसा. आज रक्त तपासून जे ठरते ते तेव्हा भातावर ठरत होते.

चंपाषष्ठी

नातू गादीवर बसला, पण राज्य कोणाचे? शाहूंनी शेवटच्या दिवसांत राज्याचा भार बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांवर टाकला होता. १७५० च्या पावसाळ्यानंतर सांगोल्याला रामराजाने पेशव्यांच्या मनासारखी व्यवस्था मान्य केली. कारभाराचे केंद्र साताऱ्याहून पुण्याला सरकले. ताराबाईंना हे सहन होणारे नव्हते. राजा त्यांना हवा होता, पण आपल्या हातातला. नातवाने पेशव्यांना बाजूला सारून आजीच्या सल्ल्याने चालावे, हा त्यांचा आग्रह. चोवीस वर्षांचा रामराजा त्याला तयार झाला नाही.

मार्गशीर्षातली चंपाषष्ठी आली. खंडोबाचा सण, ज्या दिवशी आपण आजही वांग्याचे भरीत आणि भाकरी करून नैवेद्य दाखवतो. ताराबाईंनी रामराजाला सणाच्या निमित्ताने गडावर बोलावले. तो आजीकडे जेवायला गेला आणि खाली आलाच नाही. गडाचे दरवाजे लागले. छत्रपती आजीच्या कैदेत पडले. ज्या ताटाने त्याला राजा केले, त्याच आजीच्या पंगतीने त्याला बंदीत टाकले.

ताराबाई पंचाहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी पेशव्यांविरुद्ध दाभाडे-गायकवाडांना साद घातली. १७५१ च्या वसंतात दमाजी गायकवाड पंधरा हजार फौजेनिशी गुजरातेतून साताऱ्यावर चालून आले. सुरुवातीला त्यांची सरशी झाली, पण मोगलाईतून धावत आलेल्या पेशव्यांनी त्यांना गाठले आणि पुढे कैद केले. ताराबाईंनी तरीही गड सोडला नाही. गडावरच्या शिबंदीत चुळबूळ झाली, तेव्हा फितूर झालेल्या अधिकाऱ्याचे डोके उडवण्याचा हुकूम त्यांनी दिला. ही रायगड पडताना चौदा वर्षांची असलेली मुलगी. साठ वर्षांत तिच्या आज्ञेची धार कमी झाली नव्हती.

जेजुरीची शपथ

शेवटी दोन्ही बाजू दमल्या. पेशव्यांना उत्तरेत आणि निजामाकडे कामे होती, म्हाताऱ्या राणीशी साताऱ्याला लढत बसणे शोभेचे नव्हते आणि परवडणारेही नव्हते. ताराबाईंचे साथीदार संपले होते. सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीच्या खंडोबासमोर दोघांनी एकमेकांशी सलोख्याने वागण्याची शपथ घेतली. त्याच देवळात ताराबाईंनी आणखी एक शपथ घेतली. रामराजा हा आपला नातू नाही. तो गोंधळ्याचा पोर आहे.

वाचकहो, इथे आम्ही मालिकेतल्या त्या मार्गारेटकडे पुन्हा पाहतो. तिने एका अनोळखी तरुणाला भाचा म्हणून कवटाळले. आपल्या ताराबाईंनी एकाच माणसाला अन्नावर हात ठेवून नातू म्हटले आणि देवासमोर परका म्हटले. दोन शपथांपैकी एक खोटी आहे, यात शंका नाही. मग खरी कोणती? आमचे मत विचाराल तर पहिली. राज्य हाती येण्यासाठी नातू पैदा करता येतो, हे खरे. पण दुसरी शपथ घेतली गेली ती नातू ऐकेनासा झाल्यावर आणि लढाई हरल्यावर. रागाच्या भरात आणि पराभवाच्या क्षणी माणूस जे बोलतो त्याला पुरावा म्हणून कमी वजन द्यावे. अर्थात हे आमचे अनुमान. दुसरे मत असणारे अभ्यासकही आहेत.

याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. आजीनेच परका ठरवलेल्या रामराजाला पेशव्यांनी गादीवरून काढले नाही. राज्याला छत्रपती हवा होता, आणि कैदेतला, कोणाचाच आधार नसलेला छत्रपती सर्वांना सोयीचा होता. ताराबाईंना गड आणि कैदी दोन्ही ठेवायला मिळाले, पेशव्यांना राज्य मिळाले. रामराजाला काय मिळाले? नाव. त्याच्या नावाने वस्त्रे दिली जात, त्याच्या नावाने सनदा निघत. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याच्यावरचा बंदोबस्त काहीसा सैल झाला. १७७७ मध्ये तो वारला. पुढे साताऱ्याच्या गादीवर दत्तक बसला.

ताराबाईंनी मात्र सर्वांचा अंत पाहिला. औरंगजेब, शाहू, सवत राजसबाई, थोरले बाजीराव. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झाले, जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला साताऱ्यावर ताराबाईंनी देह ठेवला. वय शहाऐंशी. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला त्यांची समाधी आहे.

मुलीला काय सांगितले

ही सारी कहाणी ऐकून आमच्या मुलीने विचारले की, मग ही बाई चांगली की वाईट? इंग्रजी मालिकांत हा प्रश्न शेवटच्या भागापर्यंत सुटतो. आम्हाला तो सोडवता आला नाही. कोल्हापुरात ताराराणी चौकात घोड्यावर बसलेला, हातात तलवार असलेला त्यांचा पुतळा आहे. पंचवीस वर्षांच्या ज्या विधवेने औरंगजेबाला थकवले तिचा तो पुतळा आहे, आणि तो मान तिचाच आहे. पण चंपाषष्ठीला नातवाला जेवायला बोलावणारी आजीही तीच आहे. पहिली सांगून दुसरी लपवली तर मुले मोठी झाल्यावर स्वतः वाचतील आणि पहिलीवरही विश्वास ठेवणार नाहीत.

आम्हाला इतकेच वाटते. ताराबाईंना आयुष्यभर एका गोष्टीची भीती होती, आपल्या हातातून कारभार गेला तर घरातलेच कोणी आपल्याला कोंडेल. ही भीती पोकळ नव्हती. येसूबाईंचे काय झाले हे त्यांनी पाहिले होते, सोयराबाईंचे काय झाले हे ऐकले होते, आणि १७१४ नंतर ते स्वतः भोगले होते. राजघराण्यात सून म्हणून आलेल्या बाईला मुलाच्या गादीखेरीज दुसरी सुरक्षित जागाच नव्हती, मग ते लंडन असो वा पन्हाळा. एलिझाबेथने नवऱ्याची गादी सांभाळली आणि भाऊ असेल-नसेल तो जाऊ दिला. ताराबाईंनी कोणालाच जाऊ दिले नाही, आणि शेवटी नातूच गमावला.

या वर्षी चंपाषष्ठीला ईडन प्रेरीत बर्फ असेलच. आमच्याकडे वांगी भाजली जातील, भाकरी होईल, दोन-चार घरची मुले-नातवंडे पंगतीला बसतील. तळी भरून झाल्यावर ही गोष्ट त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, असे आम्ही ठरवले आहे.